कालच्या कुलपाची किल्ली

2020 च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका शेजाऱ्यांनी आपल्या रक्ततपासणीचा अहवाल टाकला. त्यांच्या रक्तात करोनाच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. पाच-सात मिनिटांत खाली अंगठे उमटले, कुणी पेढे मागितले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘सुटलात हो तुम्ही’ असे लिहिले. त्याच जुलै महिन्यात मुंबईतल्या तीन विभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्टीतल्या 57 टक्के आणि बाकीच्या वस्तीतल्या 16 टक्के लोकांच्या रक्तात या अँटीबॉडी आढळल्या होत्या, आणि तो आकडाही बऱ्याच जणांनी दिलासा म्हणूनच वाचला. मी मात्र शेजाऱ्यांचा तो कागद पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत राहिले. त्यावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ असे छापलेले होते. हा शब्द मी नोकरीतली एकवीस वर्षे दार लोटून आणि आवाज उतरवून उच्चारला होता; त्याच्या शेजारी पेढे आलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते, आणि ही एकवीस वर्षे एचआयव्ही तपासणी केंद्रात गेली. काम सांगायला सोपे होते. शिरेतून रक्त घ्यायचे, नळीवर नावाऐवजी क्रमांक लिहायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर आलेले पिवळसर सीरम वेगळे करायचे आणि त्याचा थेंब कार्डाच्या खिडकीत सोडायचा. एकच रेघ उमटली, तर कार्ड नीट चालले एवढाच तिचा अर्थ. दुसरी उमटली, तर त्याच नमुन्यावर वेगळ्या पद्धतीचे दुसरे आणि मग तिसरे किट वापरायचे, आणि तिन्हींनी एकच सांगितले तरच अहवालात तो शब्द लिहायचा. दुसरी रेघ एकदम येत नाही. आधी त्या जागी कागद नुसता ओलसर गुलाबी दिसतो, मग कडा धरू लागतो, आणि आपण टायमरकडे बघून परत मान वळवतो तोवर ती तिथे असते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला ही गोष्ट अजून माहीत नसते आणि आपल्याला माहीत असते, ती दहा-पंधरा मिनिटे मला शेवटपर्यंत जड गेली.

या तपासणीत विषाणू शोधलाच जात नाही, हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. कार्डावर सापडते ते विषाणूला शरीराने दिलेले उत्तर, म्हणजे अँटीबॉडी. म्हणूनच संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे कार्ड कोरे राहते, कारण शरीराने अजून उत्तर तयार केलेले नसते. या काळाला आम्ही ‘विंडो पिरियड’ म्हणत असू. केंद्राच्या भिंतीवर पूर्वी एक फलक होता, त्यावर ‘रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी’ असे शुद्ध मराठीत लिहिलेले होते. एका आजींनी तो अडखळत वाचला आणि आमच्या समुपदेशक ताईंना घाबऱ्या आवाजात विचारले, “पिंड कसले? माझा लेक तर अजून जिता आहे ना?” दुसऱ्या दिवशी ताईंनी फलकावर कागद चिकटवून ‘अँटीबॉडी’ असे लिहिले. मीही या लेखात सोयीप्रमाणे दोन्ही शब्द वापरणार आहे. पण प्रतिपिंड लिहिताना त्या आजी आठवतात, हे आधीच सांगून ठेवते.

शेजाऱ्यांच्या अहवालाने एक जुना प्रश्न उकरून काढला. देवी, गोवर, कावीळ, करोना या सगळ्यांत अँटीबॉडी आली म्हणजे माणूस बहुतेक पार पडला असे आपण समजतो. मग एचआयव्हीतच अँटीबॉडी आली म्हणजे माणूस सापडला, असे का व्हावे? शरीराने उत्तर तर तिथेही दिलेले असते. नोकरीत असताना या प्रश्नाला वेळ नव्हता, आणि खरे सांगायचे तर धैर्यही नव्हते. निवृत्तीनंतर वाचायला बसले तेव्हा पुन्हा पुन्हा एक नाव समोर येत राहिले, डेनिस बर्टन. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ याच प्रश्नाचा पाठलाग केला आहे. त्यांचे शोधनिबंध मला सगळे समजले असे मी म्हणणार नाही. पण जे समजले ते समजायला मला पुस्तकांइतकीच मदत आमच्या स्टेशनाबाहेर बसणाऱ्या चावीवाल्याने केली.

माझ्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा मी त्याला घरी बोलावले होते. त्याने कुलूप उघडून आत पाहिले नाही. एक कोरी किल्ली कुलपात घातली, जरा दाब देऊन फिरवली, बाहेर काढून उजेडात धरली. कुठेतरी बारीक ओरखडा उठला होता, तेवढ्याच जागी त्याने दोनदा कानस मारली, किल्ली पुन्हा आत घातली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा पाहिली. असे वीसेक वेळा झाले आणि कपाट उघडले. शरीर प्रतिपिंड घडवते ते जवळजवळ असेच. लसीका ग्रंथींमध्ये बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, आणि प्रत्येकीजवळ एकेक वेगळी कोरी किल्ली असते. एखादीची किल्ली आलेल्या रोगजंतूत थोडीशी बसली की ती पेशी वाढू लागते, वाढताना किल्लीचे दाते जरा बदलतात, जी अधिक बरी बसते ती पेशी टिकते आणि बाकीच्या मरतात. काही आठवड्यांत किल्ली घट्ट बसू लागते. शालेय पुस्तकांत या सगळ्याला सैन्य, शिपाई, किल्ला असे म्हणतात. मला ते कधीच पटले नाही. शिपायाला शत्रू आधी दाखवलेला असतो. इथे कुणी काही दाखवत नाही, नुसती कानस चालते.

एचआयव्हीची गोष्ट अशी, की चावीवाला कानस मारत असतानाच दारावरचे कुलूप बदलले जाते. हा विषाणू आपल्या जनुकांची नक्कल करताना भरमसाट चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे 1,000 कोटी नवे विषाणू तयार होतात, हे 1990 च्या दशकात मोजले गेले. इतक्या गर्दीत किल्लीला चुकवणारा एखादा असणारच, आणि उद्याची सगळी पिढी त्याची असते. बर्टन यांच्याच क्षेत्रातल्या इतरांनी रुग्णांच्या निरनिराळ्या महिन्यांतल्या साठवलेल्या नमुन्यांवर एक सुंदर प्रयोग केला. आजच्या नळीतले सीरम त्याच माणसाच्या काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूवर टाकले तर ते त्याला रोखते. आजच्या विषाणूवर टाकले तर बहुतेक काहीच होत नाही. म्हणजे उत्तर बरोबर असते, फक्त ते कालच्या प्रश्नाचे असते. मी एकवीस वर्षे कार्डावर जी रेघ पाहत होते तिचा अर्थ मला इथे पहिल्यांदा लागला. ते शरीर हात वर करून बसलेले नव्हते. ते रोज नवी किल्ली घडवत होते, आणि ती रोज कालच्या कुलपाची निघत होती.

त्यात विषाणूने वेशही असा घेतला आहे, की ओरखडा उठावा तरी कुठे. त्याच्या पृष्ठभागावर पेशीला चिकटण्यासाठी लागणारे काटे असतात, तेही फार थोडे, एका विषाणूवर सरासरी 14 च्या आसपास. या काट्याच्या बाहेरच्या भागाचे जवळजवळ अर्धे वजन शर्करेचे असते. ही शर्करा विषाणूची स्वतःची नाही. तो ज्या मानवी पेशीत जन्मला तिनेच ती त्याच्या अंगावर चढवलेली असते. आपल्या घरची चादर पांघरून बसलेल्या पाहुण्याला हुसकावून लावायला घरची माणसे जशी कचरतील, तशी आपली प्रतिकारयंत्रणा त्या शर्करेला हात लावायला कचरते.

परळला जाताना मला हाफकिन संस्थेचे आवार दिसते, आणि या दोन आजारांची तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग उसळला, ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. सगळे मिळून तीन-साडेतीन महिने. एचआयव्हीचा विषाणू 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्युक मोंतान्ये यांनी वेगळा काढला. 1984 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल अशी आशा जाहीरपणे व्यक्त केली. त्याला चाळीस वर्षे उलटली. हा शास्त्रज्ञांच्या हुशारीतला फरक नव्हे. प्लेगमधून, देवीतून काही माणसे आपली आपण बरी होत. जे शरीर बरे झाले त्याने वाट दाखवलेली असे. लस करणाऱ्याला त्या वाटेवर बाकीच्यांना न्यायचे एवढेच काम उरे. एचआयव्हीतून आपोआप बरा झालेला आणि तपासणीच्या टेबलाशी बसून ‘हे पाहा, माझ्या शरीराने असे केले’ म्हणू शकणारा माणूसच हाती नव्हता. नक्कल करायची तर कोणाची?

बर्टन यांनी हा प्रश्न जरा बाजूने सोडवायला घेतला. बरा झालेला माणूस नसेल, पण अपवादाने एखादी चांगली किल्ली घडवलेला माणूस असू शकेल. 1990 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या गटाने एका संसर्गित अमेरिकन पुरुषाच्या अस्थिमज्जेतून प्रतिपिंडांची जनुके काढली, ती जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या अंगावर बसवली, आणि त्या लक्षावधींच्या गर्दीतून एचआयव्हीच्या काट्याला धरणारे एकेक वेचून काढले. त्यात ‘बी12’ नावाचे प्रतिपिंड निघाले. 1994 मध्ये त्यांनी जाहीर केले, की हे एकच प्रतिपिंड निरनिराळ्या रुग्णांमधून आणलेल्या बऱ्याच विषाणूंना निष्प्रभ करते. त्याचे कारणही पुढे उमगले. विषाणू सगळी कुलपे बदलू शकतो, पण ज्या खाचेने तो आपल्या पेशीवरच्या सीडी4 या रेणूला धरतो ती खाच बदलली तर त्याचे स्वतःचेच काम अडते. बी12 नेमके तिथे बसत होते.

यानंतरची पंधरा वर्षे जवळजवळ कोरडी गेली. व्हिएन्नात आणि इतरत्र मिळून अशी आणखी तीन-चार प्रतिपिंडे हाती आली होती, आणि जगभरचे लोक तीच पुन्हा पुन्हा तपासत होते. या काळाबद्दल लिहिताना शोधनिबंध एखादे वाक्य खर्च करून पुढे जातात. मला मात्र तोच काळ वाचताना थांबावेसे वाटले, कारण नेमक्या त्याच वर्षांत आमच्या केंद्राबाहेरचे बाक सर्वांत जास्त भरलेले होते. मोफत औषधे आपल्याकडे 2004 च्या एप्रिलपासून सुरू झाली, त्यात मुंबईही होती. त्याआधी रेघ दाखवल्यावर पुढे सांगण्यासारखे आमच्यापाशी फार थोडे असे.

मग आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम आणि बर्टन यांचा गट यांनी एक वेगळीच मोहीम घेतली. आफ्रिका, आशिया, युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे 1,800 संसर्गित व्यक्तींनी आपले रक्त दिले. प्रत्येकाचे सीरम जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या विषाणूंवर टाकून पाहिले गेले. साधारण एक टक्का लोकांच्या सीरमने जवळजवळ सगळ्यांना अडवले. या लोकांना इंग्रजीत दिलेल्या नावाचा अर्थ ‘अव्वल प्रतिरोधक’ असा होईल. त्यांच्यापैकी आफ्रिकेतल्या एका व्यक्तीच्या सुमारे 30,000 बी-पेशी वेगवेगळ्या खळग्यांत वाढवून एकेक तपासल्या गेल्या आणि 2009 मध्ये ‘पीजी9’ व ‘पीजी16’ ही दोन प्रतिपिंडे जगासमोर आली. यातल्या पीजी9 चे चित्र मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. त्याला एक लांब बोटासारखा भाग आहे. तो शर्करेच्या पांघरुणातून आत शिरतो आणि जाता जाता त्या शर्करेलाच धरतो. घरची चादर ओळखूनही तिच्यात हात घालण्याचे धाडस करणारी ही किल्ली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या लस संशोधन केंद्रातून जॉन मास्कोला, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी ‘व्हीआरसी01’ शोधले. तपासलेल्या विषाणूंपैकी सुमारे 90 टक्क्यांना ते रोखत होते. त्याच्या घडणीत इतके बदल झालेले होते, की मूळ कोऱ्या किल्लीशी त्याचे नाते जुळवायलाही कष्ट पडावेत. नेहमीच्या प्रतिपिंडांत त्या मानाने फारच कमी बदल असतात. वर्षानुवर्षे कुलूप बदलत राहिले आणि वर्षानुवर्षे कानस चालत राहिली, त्यातून ते घडले होते.

आणि तरीही ज्याच्या अंगात ते घडले त्या माणसाला त्याचा बहुधा उपयोग झालेला नसतो. त्याचा स्वतःचा विषाणू तेव्हा आणखी पुढे गेलेला असतो. जगभरच्या अनोळखी लोकांच्या कुलपांना लागणारी किल्ली खिशात, आणि आपल्याच घराचे दार बंद. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, याचे कारण मात्र माझ्या कामातले होते. तपासणी संपली की उरलेल्या नमुन्याचे आम्ही काय करत असू? टेबलाखाली निळी बादली असे, तिच्यात सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्का द्रावण. वापरलेली कार्डे, थेंब सोडायची टोके आणि उरलेले सीरम त्यात बुडवायचे, किमान अर्धा तास ठेवायचे, मग पुढची विल्हेवाट. सीरम पडले की पांढरट धागे उठत आणि क्लोरिनचा वास नाकात बसे. नियम योग्यच होता आणि आजही तो तसाच असावा. पण शंभरात एखादा, हे प्रमाण वाचल्यावर मी नकळत हिशेब करू लागले, की माझ्या हातून त्या बादलीत गेलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह नळ्यांत अशा किती असतील. आम्ही ज्याला घाबरून हातमोजे चढवत होतो त्याच पिवळट पाण्यात जगातले शास्त्रज्ञ औषध शोधत होते.

लहान मुलांचे प्रकरण तर आम्हाला वेगळ्याच रीतीने माहीत होते. आईच्या अँटीबॉडी नाळेवाटे बाळात उतरतात, त्यामुळे संसर्गित आईचे बाळ, त्याला संसर्ग असो वा नसो, जन्मतः रिअ‍ॅक्टिव्हच दिसते. बाळाच्या टाचेतल्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून विषाणूच शोधण्याची सोय आपल्याकडे 2010 च्या सुमारास आली. त्याआधी आईला सांगावे लागे, की मूल अठरा महिन्यांचे झाले की घेऊन या. तोवर तुमच्या अँटीबॉडी त्याच्या अंगातून जातील आणि मग जे दिसेल ते त्याचे स्वतःचे असेल. मी पाहिलेल्या सर्व प्रतीक्षांत ही सर्वांत लांब होती. करी रोडच्या एका चाळीत राहणारी एक बाई बरोबर अठराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मुलाला घेऊन आली. मुलाच्या गालावर काजळाची तीट होती. सुई पाहून त्याने आकांत केला, तेव्हा मी एक नवा हातमोजा फुगवून त्याची बोटे वर करून कोंबडा करून दिला. थेंब सोडल्यावर ती बाई बाहेर जायला तयार होईना. नियमात बसत नव्हते, पण मी तिला दाराशी उभे राहू दिले. पहिली रेघ आली. टायमर वाजला. मी आणखी पाच मिनिटे थांबले, कार्ड दिव्याखाली तिरके धरून पाहिले. दुसरी रेघ नव्हती. मुलगा कोंबड्याची बोटे चावत बसला होता. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलाच्या कार्डावर दोन रेघा आल्या. त्याच्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

त्या दुसऱ्या मुलाची आठवण मला संशोधनातच पुन्हा भेटली. प्रौढांत अशी व्यापक प्रतिपिंडे घडायला वर्षे लागतात, पण संसर्गित बाळांत ती पुष्कळदा लवकर आणि कमी बदलांत घडतात, असे गेल्या दहा-बारा वर्षांत दिसून आले. 2016 मध्ये ज्युली ओव्हरबॉ यांच्या गटाने केनियातल्या एका बाळाच्या, जेमतेम सव्वा वर्षाचे असतानाच्या रक्तातून असे प्रतिपिंड वेगळे केले. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये कल्पना लुथ्रा यांचा गट भारतीय मुलांच्या नमुन्यांवर काम करत होता. भारतात आढळणारा विषाणू मुख्यतः ‘सी’ उपप्रकारातला आहे, आणि जगातली बरीच आधीची प्रतिपिंडे इतर उपप्रकारांच्या रुग्णांतली होती, म्हणून या कामाला वेगळे मोल आहे. 2019 मध्ये त्यांनी एका बालकाच्या रक्तातले ‘एम्स-पी01’ हे प्रतिपिंड प्रसिद्ध केले. त्याची एक गोष्ट मी दोनदा वाचून खात्री करून घेतली: ते प्रतिपिंड त्या मुलाच्या अंगातल्या त्याच वेळच्या विषाणूंनाही अडवत होते. कालच्या नव्हे, आजच्या. प्रौढांच्या शरीरात जे इतक्या क्वचित साधते ते एका मुलाच्या शरीराने, फारशी कानस न चालवता साधले होते. असे का होते याची उत्तरे अजून शोधली जात आहेत.

किल्ली सापडली म्हणजे लस सापडली असे नाही, आणि इथेच बर्टन यांच्या विचाराची दिशा मला फार आवडते. नेहमी जंतू हातात घेऊन शरीराला दाखवतात आणि प्रतिपिंड तयार होण्याची वाट पाहतात. त्यांनी उलट सुरुवात केली. उत्तम प्रतिपिंड आधी हाती घ्यायचे, ते विषाणूला नेमके कुठे आणि कसे धरते याचे अणूपर्यंत चित्र काढायचे, आणि मग तसलेच प्रतिपिंड घडवायला भाग पाडील असा तुकडा प्रयोगशाळेत रचायचा. चावीवाल्याला किल्ली देऊन कुलूप करून मागण्यासारखे हे आहे. तेवढ्यानेही भागत नाही, कारण व्हीआरसी01 सारखी किल्ली ज्या कोऱ्या किल्लीपासून घडते ती पेशी काही लाख बी-पेशींत एखादी असते, आणि खऱ्या विषाणूकडे ती ढुंकूनही पाहत नाही. म्हणून स्क्रिप्समधलेच विल्यम शीफ यांनी त्या दुर्मीळ पेशीलाच जागे करील असा कृत्रिम तुकडा रचला. पहिल्या मानवी चाचणीत लस टोचलेल्या 36 पैकी 35 जणांत ती पेशी जागी झाली. हा निकाल 2022 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. यातून लस झाली नाही, फक्त पहिली पायरी जमली. पुढच्या पायऱ्यांवर दरवेळी थोडे वेगळे कुलूप दाखवत त्या पेशीला व्हीआरसी01 पर्यंत न्यायचे आहे. विषाणू रुग्णाच्या अंगात जे क्रूरपणे आणि वर्षानुवर्षे करतो, ते दंडावरच्या काही टोचण्यांत करून घ्यायचे आहे.

मधल्या काळातल्या अपयशांची यादी लांब आहे आणि ती मी देणार नाही. थायलंडमध्ये 16,000 हून अधिक स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत 2009 मध्ये सुमारे 31 टक्के संरक्षण दिसले, हाच आजवरचा उच्चांक; तीच कल्पना सुधारून दक्षिण आफ्रिकेत नेली, तर 2020 मध्ये चाचणी थांबवावी लागली. पुण्याजवळ भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत 2005 मध्ये भारतातली पहिली चाचणी झाली, तेव्हा आमच्या केंद्रात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. लस निर्धोक ठरली, पण शरीराचा प्रतिसाद तुटपुंजा निघाला. 2021 मध्ये व्हीआरसी01 थेट शिरेतून दर आठ आठवड्यांनी देऊन सुमारे 4,600 निरोगी लोकांवर केलेल्या चाचण्यांचा निकाल आला: एकंदर संसर्ग लक्षणीय घटला नाही, मात्र ज्या विषाणूंना ते प्रतिपिंड सहज अडवू शकते त्यांचा संसर्ग सुमारे 75 टक्क्यांनी कमी झाला. कित्येकांनी ही बातमी अपयश म्हणून छापली. मला तिच्यात दुसरेच दिसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माणसांत दाखवून दिले होते, की किल्ली बरोबर असेल तर दार खरोखरच रोखता येते. एक किल्ली पुरत नाही, जुडगा लागेल.

2025 च्या मे महिन्यात दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. अमेरिका, रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या स्वयंसेवकांत त्या दुर्मीळ पेशी जागवण्याचे प्रयोग यशस्वी झाल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारने लस संशोधनाच्या दोन मोठ्या गटांचा निधी पुढे न चालवण्याचे कळवले. त्यातला एक गट बर्टन यांचा. ज्याने पंधरा वर्षांची कोरड काढली त्याला फळ दिसू लागले तेव्हा पाणी तोडावे, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटत नाही, आणि तो तसा वाटावा असे कारण अजून कुणी मला दाखवलेले नाही.

माझ्याबरोबर काम केलेल्या काहींचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, आता रोजची एक गोळी घेऊन माणूस पूर्ण आयुष्य जगतो, आणि 2024 मध्ये तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनने आफ्रिकेतल्या 2,134 तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग होऊ दिला नाही. मग लस हवीच कशाला? ते औषध मोठेच आहे, त्यात वाद नाही. पण हे ऐकताना मला आमची नोंदवही डोळ्यांसमोर येते. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, आडव्या ओळींची. क्रमांक, वय, तपासणीची तारीख, निकाल, आणि शेवटी ‘पुढील भेट’ असा रकाना. नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, ट्रकवर जाणारी मुले, मुलुख सोडून आलेली आणि पावसाळ्यात परत जाणारी माणसे. त्यांतली कितीतरी पहिल्या भेटीनंतर पुन्हा दिसत नसत, किंवा चार महिन्यांनी येत आणि मुकादमाने सोडले नाही म्हणून सांगत. बाकी सगळे रकाने आम्ही शाईने भरत असू. शेवटचा मात्र पेन्सिलने.